परत मागितलेली बॅटरी

चहाला नुकती उकळी फुटली होती. सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर त्यांची बोट मांडली होती, त्यामुळे कप ठेवायला जागा नव्हती. निवृत्तीनंतर हातानं बनवलेली, बॅटरीवर चालणारी ही छोटी बोट रविवारी पहिल्यांदा पाण्यात उतरणार होती. "तुमची बोट कपाटातच तरंगते," म्हणणाऱ्या तळ्यावरच्या मित्रमंडळींची तोंडं एकदाची बंद होणार होती.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर 'थांबा-बघू' उभा.

हे नाव त्याला गिऱ्हाइकांनीच दिलेलं. छंदाच्या सामानाचं त्याचं दुकान आहे. छोट्या विमानांचे पंखे, बोटींच्या मोटारी, नखावर मावतील असे स्क्रू. काहीही मागा, तो आधी म्हणणार, "थांबा, बघू." मग बिघडलेली वस्तू हातात घेऊन उलटसुलट करणार आणि पुष्कळदा काही न विकताच परत पाठवणार. जळाली म्हणून सासऱ्यांनी नेलेली मोटार त्यानं आतला लांब केस काढून फिरवून दिली होती.

"किती झाले?"

"कसले, काका? केस तुमच्याच घरचा."

"माझा नाही एवढं नक्की," म्हणत सासऱ्यांनी टकलावरून हात फिरवला होता. तेव्हापासून त्यांनी निम्म्या तळ्याला त्याच्या दुकानी धाडलं.

आज मात्र तो चप्पल न काढताच विचारू लागला, "काका, परवाची बॅटरी चार्जिंगला लावलीत?"

"आत्ता लावतोच आहे."

"लावू नका. त्याच खोक्यातली एक काल माझ्यासमोर फुगली. पेटलीच असती."

"मग दुसरी दे."

"पुढच्या आठवड्यात येईल."

सासरे बोटीकडे बघत राहिले. "विकताना का नाही बघितलंस, थांबा-बघू?"

"चुकलंच, काका." त्यानं पैसे टेबलावर ठेवले आणि बॅटरी सोबत आणलेल्या वाळूच्या डब्यात अलगद ठेवली.

मी त्याच्या हातात कप दिला. "सगळ्यांच्या घरी असाच फिरतोयस?"

"घरं ठाऊक होती तिथं जाऊन आलो, वहिनी. तळ्यावरच्या दोघांनी पण नेल्यात. त्यांना चेहऱ्यानं ओळखतो, पत्ता माहीत नाही."

"फार गाजावाजा करू नकोस," सासरे जरा नरमले. "दुकानाचं नाव खराब होईल. आणि मी काही रविवारी तळ्यावर जात नाही. रिकाम्या हातानं जाऊन टर उडवून घेऊ?"

त्यानं चहा संपवला, कप स्वतःच मोरीत नेऊन ठेवला आणि डबा उचलला.

"काका, बोट नसली तरी जा. आणि माझ्या दुकानातली बॅटरी खराब आहे, हे तिथं सगळ्यांना मोठ्यानं सांगा."