पाठीमागची सरसर

सिग्रून पठारावर स्कीवर निघाली की मागं वळून बघत नसे. दरीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि का ते विचारायचं नाही हेही.

तिची धाकटी बहीण इंगुन ऐन विशीत गेली. ईस्टरच्या सुट्टीत दोघी पठारावरच्या निवाऱ्याकडं निघाल्या होत्या. सिग्रून पुढं, इंगुन मागं. मध्येच धुकं उतरलं. बर्फावरून मागं येणाऱ्या स्कींची सरसर ऐकत सिग्रून जात राहिली, निवाऱ्याच्या दारात पोचली, वळली, तर मागं कोणी नव्हतं. बर्फ वितळल्यावर इंगुन ओढ्याकाठी सापडली, दारापासून बरीच लांब. मग दारापर्यंत कानावर येत होतं ते काय, हे सिग्रूनला कधीच उमगलं नाही.

पुढं तिनं टपाल कचेरीत नोकरी केली, तार्येइशी लग्न केलं, दोन मुली वाढवल्या. पण दर ईस्टरला ती त्याच वाटेनं जाई. धुकं पडलं की मागून सरसर सुरू होई आणि दारापर्यंत सोबत येई.

ती निवृत्त झाली त्या वर्षी तार्येइ अंगणात तिच्या स्कींना मेण घासत होता.

"मी येऊ का गं?"

"तुझा गुडघा पहिल्याच चढाला रडायला लागेल."

"रडू दे की. तुला तरी कुठं हसणारी सोबत हवीय?"

सिग्रून हसली. तिनं सपाट भाकरी आणि तपकिरी चीज पिशवीत कोंबलं आणि ती एकटीच निघाली.

ओढा ओलांडल्यावर धुकं आलं. वाटेच्या खुणेला रोवलेल्या बर्चच्या फांद्या एकेक करून दिसत, पुसल्या जात. मग ती सरसर आली. यंदा जरा जड, धापा टाकल्यासारखी. वाऱ्यात कोणीतरी काही म्हटल्यासारखंही वाटलं. सिग्रूननं मान खाली घातली आणि वेग वाढवला.

एकाएकी सरसर थांबली.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत ती सरसर कधीच दाराआधी थांबली नव्हती. मध्येच थांबतो तो जिवंत माणूस.

सिग्रून वळली आणि स्वतःच्या खुणांवरून मागं गेली. ओढ्याच्या निवाऱ्याकडच्या बाजूला एक माणूस कुशीवर पडला होता. पाय मुरगळलेला, ओठ निळे.

"किती हाका मारल्या तुम्हाला! कान घरी ठेवून आलात का?"

"मला वाटलं दुसरंच कोणी आहे."

"दुसरं कोण?"

"उठा आधी. शेगडी पेटली की विचारा."

त्याचं नाव ओद्दवार. त्याचा हात खांद्यावर घेऊन तिनं त्याला कसंबसं निवाऱ्यापर्यंत आणलं, शेगडी पेटवली, त्याची बोटं आपल्या तळव्यांत चोळली. आणि मग, तार्येइलाही कधी धड न सांगितलेलं, तिनं या परक्याला सगळं सांगितलं.

ओद्दवारनं मुरगळलेला पाय शेगडीजवळ ओढून घेतला.

"तुम्ही म्हणालात म्हणून बोलतो," तो हळूच म्हणाला. "मी पडलो तो घाईमुळं. ओढ्यापासून माझ्याही मागं कोणीतरी येत होतं. वळून बघायची हिंमत झाली नाही."

सिग्रून उठली. तिनं दार सताड उघडलं. बाहेर नुसतं पांढरं.

"इंगुन, आत ये गं," ती म्हणाली. "किती वेळ बाहेर राहशील."

थंडी आत आली. दार लावा असं ओद्दवार म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी बचावपथकानं त्याला बर्फगाडीवरून खाली नेलं. सिग्रूनलाही बसा म्हणाले, पण ती स्कीवरच परतली. धुकं होतंच. सरसर मात्र आली नाही. हायसं वाटायला हवं होतं तिला. पण ती सारखी थांबत होती, मागं वळून कान देत होती. घरी पोचायला तिला अंधार झाला.