बारा माशांचं खोकं

साडू नालायक निघाला असता, तर बर्फवाल्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. नालायक साडू माणसाला परवडतो. त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगता येतात, अडीनडीला मदत करून ती पुढची दहा वर्षं बोलून दाखवता येते. पण हा साडू वर आला. आणि वर आला तो कुणाच्या खांद्यावर पाय देऊन? तर ह्याच्याच.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न झालं तेव्हा हाताला काम नव्हतं. बर्फवाल्यानंच त्याला कारखान्यात घेतलं. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे लांब डबे सोडायचे, दुसऱ्या दिवशी कप्पीनं वर ओढायचे, साध्या पाण्यात बुचकळून लादी सुटी करायची आणि आकडा लावून ओट्यावर ओढायची. पहिल्या आठवड्यात साडूनं तीन लाद्या फोडल्या आणि एक स्वतःच्या पायावर घेतली. बर्फवाल्यानं त्याला शिव्या घालून घालून काम शिकवलं. कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की काय समजायचं, अमोनियाचा वास नाकात कितपत आला की पळायचं, सगळं. साडू मान खाली घालून ऐकायचा. तेव्हाच ओळखायला हवं होतं. मान खाली घालून ऐकणारा माणूस फार धोक्याचा.

सहा वर्षांनी त्याच साडूनं समोरच्या मोकळ्या जागेत कोल्ड स्टोरेज उभं केलं. चार खोल्या, प्रत्येक खोली शाळेच्या वर्गाएवढी. दारं जाडजूड, आत गेलं की नाकातले केस कडक होतात. उद्घाटनाला साडूनं सगळ्यांदेखत बर्फवाल्याच्या पाया पडून म्हटलं, "दादा, हे सगळं तुमच्यामुळं."

"माहितीये मला," बर्फवाला म्हणाला. लोकांना तो विनोद वाटला.

गाव तलावाच्या काठी होतं आणि तलावाच्या माशांवर जगत होतं. पूर्वी होड्या पहाटे निघायच्या, पण त्याआधी बर्फवाल्याच्या ओट्याशी थांबायच्या. बर्फ दिवसभर टिकतो, फार तर दुसऱ्या दुपारपर्यंत, मग पाणी. म्हणून तेवढ्या वेळात विकला जाईल तेवढाच मासा धरायचा. ओट्यावरच्या लाद्या संपल्या की उरलेल्या होड्या काठाला. होडीवाले बोटं मोडायचे. "तुझ्या बर्फापायी आमचं अडलंय," म्हणायचे. खरं म्हणजे अडवायची बर्फवाल्याची मुळीच इच्छा नव्हती. टाकी वाढवण्यासाठी त्यानं किती अर्ज केले होते! जादा वीज मंजूर झाली नाही, एवढंच. त्याचं काही पुण्य नव्हतं त्यात. त्याच्या कारखान्यातून खारं पाणी गटारात जायचं, आणि त्या गटाराच्या कडेला गवताची काडी उगवत नसे, हेही लिहून ठेवलेलं बरं. पण अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून राहिला आणि तलाव वाचला.

साडूच्या वेळी मात्र वीज मंजूर झाली. नवे खांब आले, नवी जाड तार आली, आणि ती बर्फवाल्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली. आता मासा सहा महिने टिकू लागला. टिकतो म्हटल्यावर थांबायचं कशाला? होड्या दिवसातून दोनदा जाऊ लागल्या, जाळ्यांची भोकं बारीक झाली. मोठा मासा शहरात, बारीक मासा दळणाला. कोंबड्यांचं खाद्य बनवणारा कारखाना तो ट्रक भरभरून उचलायचा. म्हणजे इथल्या माणसांच्या ताटातला मासा कमी झाला आणि कुठल्यातरी लांबच्या कोंबड्या आमचा तलाव खाऊ लागल्या. ह्याला प्रगती म्हणतात.

बर्फवाल्याला हे दिसत होतं, पण खरं खुपत होतं ते वेगळंच. कोल्ड स्टोरेजच्या ह्या बाजूच्या भिंतीला मोठे पंखे होते. आतली थंडी राखायची म्हणजे आतली ऊब बाहेर टाकायची. ती हे पंखे टाकायचे. आणि पंख्यांची तोंडं होती बरोबर बर्फवाल्याच्या ओट्याकडे. लादी ओट्यावर आली की तिच्या अंगाला घाम फुटायचा. पूर्वी भुशाचं एक पोतं पुरायचं, आता तीन.

"बघ, बघ," तो बायकोला म्हणायचा. "माझा बर्फ त्याच्या उच्छ्वासानं वितळतोय."

"अहो, मग ओटा पलीकडे बांधा."

"मी का बांधू? मी आधी आलोय."

"आधी तर डायनासोरही आले होते," बायको म्हणायची. ती साडूच्या बायकोची सख्खी मोठी बहीण होती. दोन्हीकडचं मीठ खाल्लेली बाई. तिला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती, म्हणून ती दोघांचीही टर उडवायची.

त्यानं साडूचं काय काय नाही मोजलं! नव्या गाडीची चाकं मोजली, मेव्हणीच्या हातातल्या बांगड्या मोजल्या, वीज गेली की त्यांचा जनरेटर किती वेळ काळा धूर ओकतो तेही मोजलं. गल्लीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. बायका ओरडायच्या, आणि ह्याला त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

पण एक मोजणी मात्र कामाची निघाली. बर्फवाल्याच्या बापानं बनवलेली लाकडी खोकी अजून वापरात होती. तीच लांबी, तेच खिळे. बापाच्या काळात एका खोक्यात बारा मासे बसायचे, डोक्याला शेपूट लावून. "एक खोकं" म्हणजे बारा, हा बाजाराचा हिशेबच होता. बर्फ रचताना त्याचे हात आपोआप बारापर्यंत जायचे. मग ते वीस झाले. मग अठ्ठावीस. आणि एका सकाळी त्यानं खोकं भरलं, तर चाळीस मासे बसले आणि वर बोटभर जागा उरली.

त्यातले चार त्यानं घरी नेले. बायको साफ करायला बसली आणि थांबली. तळहाताएवढा मासा, आणि पोट अंड्यांनी गच्च.

"अहो, हे बघा," ती म्हणाली. ह्या वेळी आवाजात टर नव्हती. "एवढीशी पोर, आणि पोटुशी."

बर्फवाला बघत राहिला. पूर्वी ही मासळी हातभर वाढायची, मग अंड्यावर यायची. आता वाढायला सवडच उरली नव्हती. मरायच्या आत पोरं टाकून घ्यावीत, अशी घाई लागली होती तिला. आणि खोटं कशाला बोला, त्याच क्षणी मनात एक उकळीही फुटली: सापडला! साडू सापडला!

मच्छीमार संस्थेची बैठक जाळ्यांच्या शेडमध्ये भरायची. बर्फवाला बापापासूनचा सभासद. तो खोकं खांद्यावर घेऊन गेला आणि सगळ्यांसमोर त्यानं ते जमिनीवर ओतलं.

"मोजा," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या खोक्यात बारा बसायचे. हे चाळीस आहेत. अंड्यांच्या दिवसांत दोन महिने तलाव बंद ठेवा. एकही होडी नाही. नाहीतर चार वर्षांनी खोक्यात शिंपले भराल."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "काय हो, पोटात दुखतंय वाटतं?"

"पोटात नाही, ओट्यावर दुखतंय त्यांना!" दुसरा म्हणाला. सगळी शेड हसली.

त्याला अपमान झोंबला तो यासाठी, की ते बरोबर बोलत होते. तो जळत होता हे पोरासोरांना ठाऊक होतं. आणि जळणाऱ्या माणसाचं खरंही कुणी खरं धरत नाही.

"जळतोय मी!" तो ओरडला. "जळतोय, कबूल! पण हे मासे काय माझ्यावर जळून बारीक झाले का रे?"

चेअरमनबाई स्वतः मासे विकणाऱ्या, आवाज बाजार उठवणारा. त्यांनी हाताची थाप मारून सगळ्यांना गप्प केलं. एक मासा उचलला, त्याचं पोट दाबून पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथं साडू बसला होता, इस्त्रीच्या शर्टात.

"तुमचं काय म्हणणं, शेठ? सगळ्यात जास्त नुकसान तुमचंच."

साडू थोडा वेळ माशांकडे बघत राहिला. मग उठला, हसला आणि हात वर केला. "दादा बरोबर बोलतात. तलाव बंद ठेवा. पहिला हात माझा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बर्फवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साडूच्या चारही खोल्या छतापर्यंत भरलेल्या होत्या. दोन महिने तलाव बंद म्हणजे दोन महिने बाजारात मासा एकाच माणसाकडे! म्हणेल तो भाव. आणि बर्फवाल्याकडे? होड्या बंद, बर्फ बंद. ज्या खड्ड्यात साडूला लोटायचं होतं त्यात हा स्वतःच पाय सोडून बसला होता, आणि साडूसाठी वर शिडी लावून ठेवली होती. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला!

हात मोजले गेले. चेअरमनबाईंनी दोनदा मोजले. "बंदच्या बाजूनं एकवीस, विरोधात एकवीस." त्यांनी मान वळवली. "बर्फवाले, ठराव तुमचा, आणि तुमचा हात कुठंय?"

हात खालीच होता. तो म्हणू शकला असता की राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. सगळे सुटले असते. साडूची चांदी झाली नसती. एक शब्द, बस. तो शब्द जिभेवर आलासुद्धा. समोर जमिनीवर चाळीस मासे पडले होते, आणि चेअरमनबाईंनी पोट दाबलेल्या माशातून केशरी अंडी बाहेर आली होती. जमिनीवर पडली होती. त्यांच्यावर माशी बसली होती.

साडू त्याच्याकडेच बघत होता. हसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दादा काय करतील याची खात्री नव्हती.

बर्फवाल्यानं हात वर केला. लादी ओढताना लागतो तेवढा जोर त्याला त्यासाठी लागला.

"आणि एक अट," तो म्हणाला.

"तलावासाठी?"

"माझ्यासाठी. त्याच्या पंख्यांची तोंडं दुसरीकडे वळवा."

शेड पुन्हा हसली. साडूही हसला आणि म्हणाला, "वळवतो, दादा." आठ दिवसांत त्यानं ती खरोखर वळवली, हेही बर्फवाल्याला फार लागलं.

दोन महिने कारखाना बंद राहिला. टाकीतलं पाणी हलेना, कॉम्प्रेसरचा पट्टा सुटून लोंबत राहिला. समोरून साडूचे ट्रक भरून जात होते. एके दिवशी बायकोनं वर्तमानपत्र आणलं. त्यात साडूचा हात वर केलेला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, तलाव वाचवणारा उद्योजक.

"पहिला हात त्याचा होता ना," बायको म्हणाली. मग नवऱ्याचं तोंड बघून तिनं पेपर घडी करून उशाखाली सरकवला.

"अगं, उशाखाली कशाला ठेवतेस? भिंतीला लाव!" तो गरजला, पायात चपला अडकवल्या आणि बाहेर पडला. कुणाशीतरी भांडायचं होतं. रस्त्यात कुणी भेटलं नाही. चालत चालत तो तलावाशी आला, जिथं लव्हाळे वाढतात त्या उथळ कोपऱ्यात. तिथं कुणी येत नसे. पाय तापले होते म्हणून त्यानं विजार गुडघ्यापर्यंत चढवली आणि पाण्यात उतरला.

आधी वाटलं, पाण्यात कचरा हलतोय. मग वाकून पाहिलं. सुईच्या टोकाएवढी, नखाएवढी पोरं. शेकड्यांनी, हजारांनी. त्याची सावली पडली की सगळी एकदम वळायची, पुन्हा परत यायची आणि त्याच्या पायाच्या केसांना तोंड लावायची. तो मोजायला लागला. बारापर्यंत आला आणि सोडून दिलं. हलायचीही भीती वाटू लागली.

बराच वेळ तो तसाच उभा होता. परतला तेव्हा विजार ओली होती.

"कुठं गेला होतात?" बायकोनं विचारलं.

"इथंच."

"पाण्यात पडलात की काय?"

त्यानं विजारीचे पाय पिळायला घेतले. सांगितलं असतं तर तिनं बहिणीला सांगितलं असतं, बहिणीनं नवऱ्याला, आणि उद्या सकाळी साडू इस्त्रीचा शर्ट घालून त्या कोपऱ्यात फोटोवाला घेऊन उभा राहिला असता.

"तुझा मेव्हणा अलीकडे तलावाकडं गेला होता का गं?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्याला कुठला वेळ? ट्रकच्या मागं असतो."

"हां," बर्फवाला म्हणाला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला.