नानांची सात मिनिटं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होते. पहिला विचार आला तो त्यांचा नाही, घड्याळाचा... आता चावी कोण देणार? त्याची लाज मला अजून वाटते.

लोणावळ्यात आमच्या बाजारातल्या टॉवरचं घड्याळ माझे चुलते नाना आयुष्यभर सांभाळत आले. दर गुरुवारी शिडी चढून चावी द्यायची. विसरलं की घड्याळ बंद. टॉवरच्या खालीच माझं बांगड्यांचं दुकान. गेली काही वर्षं घड्याळ पुढे असायचं. मी चिडायचे, "नाना, मोबाइल बघा, सात मिनिटं पुढे आहे!" ते पंच्याला हात पुसत म्हणायचे, "असू दे गं." वय झालं, नजर गेली, अशी मी समजूत करून घेतली.

तेराव्यानंतर बंद पडलेल्या घड्याळाकडे बघवेना, म्हणून मीच वर चढले. चावी दिली, मोबाइल बघून काटे बरोबर लावले. नानांची चूक सुधारल्याचं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी भाजी विकणाऱ्या वडिवळ्याच्या सखूमावशी रिकामी पाटी घेऊन स्टेशनावरून परत आल्या. लोकल चुकली होती. पुढची धरली तर कामशेतहून गावाकडची शेवटची जीप मिळणार नव्हती.

"मोठा काटा नवावर आला की पाटी उचलायची, एवढंच मला ठावं," त्या म्हणाल्या. "गुडघं धरलं तवा नाना म्हनलं, सखू, तू घाई करू नगंस, मी घड्याळ पुढं घेतो. दर सालाला मिनिटभर. तुला न्हाई सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. किंवा मीच कधी धड विचारलं नव्हतं. सात वर्षं सगळा बाजार मावशींच्या गुडघ्यांच्या वेळेवर चालला होता!

रिक्षाने सोडते म्हटलं तर ऐकेनात. पुढच्या लोकलने गेल्या. कामशेतपासून एकट्या, अंधार पडलेला, त्यात ते गुडघे... मी दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. शेवटी फोन आला, कुण्या ट्रॅक्टरवाल्याने घरी सोडलं होतं. सकाळी उठून आधी ती सात मिनिटं परत लावली.

वर खिळ्याला नानांचा तेलकट पंचा अजून तसाच आहे. काल पाटी घेऊन निघालेल्या मावशी कोपऱ्यापर्यंत दोनदा थांबल्या. आज मी वर गेले, काटा आणखी एक मिनिट पुढे सरकवला, पंच्याला हात पुसले आणि खाली आले. दुपारी एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, तुमचं घड्याळ पुढे आहे."

"असू दे," मी म्हणाले.