वाळलेल्या वडाचा आडोसा

"साहेब, ही बाकं काय देवानं येऊन बसायला केलीत का?" सोसायटीचे चेअरमन म्हणाले.

चौकात सिमेंटची सहा बाकं होती. पाठीला मोझॅक, दोन्ही बाजूंना हात टेकायला कठडे. बसवून महिना झाला होता आणि एकाही बाकावर माणूस नव्हता. एका बाकावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

हे उमरगा तालुक्यातलं एक बाजारगाव. मुरूमच्या अलीकडे लागतं, यापेक्षा जास्त पत्ता देत नाही. ऐंशीच्या आसपासची गोष्ट आहे. मी तिथे ज्युनिअर इंजिनियर होतो. गावच्या सहकारी सोसायटीनं नवी बिल्डिंग बांधली होती, खाली खताचं गोडाऊन आणि वर ऑफिस. बिल्डिंगसमोरचा चौक 'डेव्हलप' करायचं काम माझ्याकडे आलं. चेअरमनना मधोमध कारंजं हवं होतं. प्यायचं पाणी दिवसाआड येत होतं, त्यामुळे कारंज्याचा विषय मी दोन मीटिंगांत संपवला. बाकांवर ते राजी झाले.

बाकांची कल्पना माझी नव्हती, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची होती. तरुण माणूस, बोलायला थेट. ते एकदा ऑफिसात आले आणि म्हणाले, "तुम्ही चौकातला पार काढताय. माझे निम्मे पेशंट त्या पारापर्यंत चालत जातात आणि परत येतात. तेच त्यांचं औषध आहे. टेकायला जागा नसेल तर म्हातारा माणूस घराबाहेर पडत नाही. आणि पडला नाही, की महिन्या-दोन महिन्यांत अंथरुणाला खिळतो."

त्यांनी एक नाव मुद्दाम सांगितलं, मल्लप्पा. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. वर्षभरापूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. काठी घेऊन घरापासून पारापर्यंत जायचं, बसायचं, दम खाऊन परतायचं, असं डॉक्टरांनी त्यांना बांधून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ. "त्यांचं चालणं बंद पडू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. मी शब्द दिला.

पार ठेवणं मात्र शक्य नव्हतं. चौकाच्या मधोमध एक वड होता. बहात्तरच्या दुष्काळात शेळ्यांसाठी लोकांनी त्याचा पाला ओरबाडला, मग फांद्या तोडल्या. झाड वाळलं ते वाळलंच. उरलं होतं नुसतं खोड, चार माणसांच्या कवेत न मावणारं, आणि त्याभोवतीचा दगडी पार. सावली तर काडीची नव्हती. गोडाऊनला येणाऱ्या ट्रकना वळायला जागा हवी होती. मी खोड आणि पार दोन्ही काढून टाकले. आजही मला कुणी तो नकाशा दाखवला, तर कागदावर त्यात चूक काढता येणार नाही.

बाकं मात्र मी मन लावून केली. म्हाताऱ्या माणसाला बसण्यापेक्षा उठणं अवघड जातं, म्हणून बैठक नेहमीपेक्षा दोन इंच उंच घेतली. उठताना हातानं जोर द्यायला कठडे दिले. पायाखाली पाणी साचू नये म्हणून फरशीला स्लोप दिला, म्हणजे नजरेला न कळेल इतका उतार. पहिलं बाक अप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी, आणि तिथून अंतराअंतरानं बाकीची, म्हणजे दमलेल्या माणसाला मध्येच टेकता यावं. माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली. आणि पहिले एक-दोन दिवस सोडले तर कुणीही बसलं नाही.

मी इंजिनियर. काही बिघडलं की कारण शोधायचं आणि दुरुस्त करायचं, एवढंच मला येतं. देवळाच्या पायरीवर दोन म्हातारे बसले होते, त्यांना विचारलं.

"ऊन लई लागतंय साहेब," एक म्हणाला.

मला पटलं. पत्र्याच्या छपऱ्या करून घेतल्या. त्यात दोन आठवडे गेले. कुणी आलं नाही.

पुन्हा विचारलं. "शिमिट गार लागतंय बुडाला," दुसरा म्हणाला. मी बैठकीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या. आणखी दहा दिवस गेले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, "उंच झाल्यात जरा." मग मी एक बाक फोडून दोन इंच खाली आणलं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला, पण काम केलं त्यानं.

तीनही वेळा मला कारण मिळालं होतं. तीनही वेळा मी ते दूर केलं होतं. बाकं रिकामीच होती.

अशात डॉक्टर रस्त्यात भेटले. "अप्पा दोन महिने घराबाहेर पडले नाहीत," म्हणाले. "गुडघा आखडत चाललाय. तुम्ही एकदा जाऊन या."

मी गेलो. अप्पा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. काठी कोपऱ्यात उभी होती. त्यांची बायको गौराबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत होत्या.

"अप्पा, चौकात का येत नाही? तुमच्यासाठीच केलंय सगळं," मी म्हणालो.

"येतो की," अप्पा म्हणाले. "जरा बरं वाटू द्या."

"बाकांत काही चुकलंय का?"

"न्हाय न्हाय. बाकं झ्याक हायती."

मी उठलो. गौराबाई मागोमाग अंगणात आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी शिकलेली मान्सं. रागावणार न्हाय तर सांगते."

"सांगा की."

"बाकांच्या तोंडाम्होरं काय हाय?"

"सोसायटीची बिल्डिंग."

"आन त्याच्या अल्याड?"

मला उत्तर माहीत होतं, पण तोवर ते मला दिसलेलं नव्हतं. अल्याड नळ होता. चौकाच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, म्हणून तिथेच काय ते पाणी यायचं. अख्ख्या पेठेच्या बायका तिथे घागरी भरायच्या.

"सुना पाणी भरत्यात तिथं," गौराबाई म्हणाल्या. "वाकून घागर उचलायची, डोक्यावर घ्यायची. अन् म्होरं वळीनं सासरं बसल्यालं. पोरीनं पदर सांभाळावा का घागर? पैल्या दिशी बसले की हे सगळे बाकावर. दुसऱ्या दिसापास्नं आमची धाकटी लांबच्या हिरीवर जाया लागली. निम्म्या पेठंच्या सुना गेल्या. ह्यांनी दोन दीस बघितलं. मग म्हाताऱ्यांनीच आपसात ठरिवलं, आपुन बसायचं न्हाय."

"आधी पारावर बसत होते तेव्हा?"

"तवा मधी झाड हुतं न्हवं? वाळलं आसलं म्हून काय झालं. हे हिकडं तोंड करून बसायचे, खोडाला पाठ लावून. नळ पल्याड. कुनाला कोन दिसत नव्हतं."

मी वाळलेलं लाकूड म्हणून जे काढलं होतं ते त्या गावाचा आडोसा होता. सासऱ्यांचा चौक आणि सुनांचा नळ त्या एका खोडानं वर्षानुवर्षं वेगळा ठेवला होता. नकाशात मी तिथे फुली मारली होती.

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. त्याहून जास्त वाटलं ते आतल्या खोलीतल्या माणसाबद्दल. चाललं नाही तर पाय जाणार, हे अप्पांना माहीत होतं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. सुनेला घागर घेऊन लांब जावं लागू नये म्हणून ते घरात बसले होते, आणि मला 'बाकं झ्याक' म्हणत होते.

उपाय दोनच होते. नळ हलवायचा किंवा बाकं वळवायची. नळ हलवता येईना. पाइपलाइनला प्रेशर नव्हतं, म्हणजे पाणी वर चढवण्याइतका जोर नव्हता. तेव्हा बाकं उलटी करायची, नळाकडे पाठ आणि एसटीच्या रस्त्याकडे तोंड.

चेअरमन ऐकायला तयार होईनात.

"पुढच्या महिन्यात उद्घाटन हाय. पाव्हणे येनार. अन् म्हातारे माझ्या बिल्डिंगकडं पाठ करून बसनार?"

"रिकामी बाकं दिसण्यापेक्षा पाठी दिसलेल्या बऱ्या, साहेब."

"त्यांना काय धाड भरलीय समोर बघायला?"

मी नळाचं सांगितलं. एखादा पानाची पिंक टाकून हसला असता. चेअरमन हसले नाहीत. खिडकीतून खाली बघत राहिले. खाली बायकांची रांग होती.

"हे मला कसं सुचलं न्हाय?" म्हणाले. "माझीबी सून तिथंच येती." मग माझ्याकडे वळून, "वळवा. पन पाठीवर सोसायटीचं नाव टाका. बिल्डिंगकडनं वाचता आलं पायजे."

टाकलं. सहाही बाकांवर, निळ्या ऑइलपेंटनं.

बाकं चार दिवसांत वळली. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा चार बाकं भरली होती. एसटी आली की कोण उतरलं, कोण चढलं, यावर चर्चा चालू होती. पाठीमागे नळावर घागरींचा आवाज होता आणि एकही म्हातारा वळून बघत नव्हता. देवळाच्या पायरीवरचे ते दोघे तर छपरीची सावली सोडून बाकाच्या उन्हातल्या टोकाला बसले होते. उन्हाची तक्रार त्यांचीच होती.

अप्पा आठवड्यानं आले. एका हातात काठी, दुसरा हात गौराबाईंच्या खांद्यावर. गल्लीच्या तोंडाशी पहिलं बाक, तिथेच टेकले. पूर्वी ते चौकाच्या मध्यापर्यंत यायचे. मी जवळ गेलो तर कठड्याकडे सरकून त्यांनी जागा केली. "बसा साहेब. तुमचीच हायती."

"मला आधीच सांगायचं ना, अप्पा."

"सुनेचा विषय चारचौघांत काढावा व्हय?" ते म्हणाले. "तुमी चौकात इचारत हुता."

संध्याकाळी मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं, पाय पहिल्यासारखा होईल ना. "गेलेलं येणार नाही," ते म्हणाले. "आहे ते टिकवू." हे दोन महिने चालणं बंद पडलं नसतं तर, असं मी विचारलं. डॉक्टर हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नंतर नोकरीत मी बरेच चौक केले. सर्व्हेला गेलो की टेप काढण्याआधी एक सकाळ नुसता उभा राहायचो. कोण कुणाकडे पाठ करून बसलंय ते बघायचो. अवघड प्रश्न घरी जाऊन, अंगणात उभं राहून, हळू आवाजात विचारायचो. चौकात विचारलं की माणसं उन्हाचं कारण सांगतात, आणि आपण पत्रे बसवत बसतो.

अप्पा त्यानंतर चार वर्षं जगले. रोज सकाळ-संध्याकाळ येत राहिले. पहिल्या बाकाच्या पुढे मात्र ते कधी गेले नाहीत.