कारणाचा रकाना

अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात माणसाला किती लागलं यापेक्षा कशानं लागलं याची काळजी वाहणारा एकच इसम होता, आणि माझ्या नशिबानं तो आमच्याच दवाखान्यात कारकून होता. मुरुडच्या बाजूला खाडीकाठी तीन खोल्यांचा सरकारी दवाखाना. एका खोलीत डॉक्टर, एकीत मी, म्हणजे कंपाउंडर, आणि दारातल्या पहिल्या खोलीत टेबल आडवं टाकून बसलेले भाऊसाहेब. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे ऐकू येत नसे. डॉक्टरांकडे जायचं तर त्या टेबलाला वळसा घालावा लागे, आणि 'अपघाताचे कारण' हा रकाना भरल्याशिवाय भाऊसाहेब कुणाला वळसा घालू देत नसत. फारच रक्त वाहत असेल तर मात्र माणुसकी म्हणून स्वतः उठून रोग्याबरोबर आत येत, आणि डॉक्टर टाके घालत असताना उरलेले प्रश्न विचारत.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा वरच्या कचेरीतून एक जाडजूड यादी आली. माणसाला ज्या ज्या तऱ्हेनं इजा होऊ शकते, त्या प्रत्येक तऱ्हेला तीत एक क्रमांक दिलेला होता. यादी करणारे परमुलखातले असावेत, कारण बर्फावरून घसरण्याला क्रमांक होता, ट्रामखाली सापडण्याला होता, पण माडावरून पडण्याला नव्हता. भाऊसाहेबांनी दोन दिवस ती यादी पुन्हा पुन्हा चाळली. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल शाईनं स्वतःची पुरवणी जोडली: माणूस माडावरून पडणे, नारळ माणसावर पडणे, आणि माणूस नारळासकट दुसऱ्या माणसावर पडणे. "हे तिसरं कधी झालं?" मी विचारलं. "अजून झालेलं नाही. पण झालंच तर आयत्या वेळी धावपळ नको," ते म्हणाले.

माडावरून पडलेल्या एका पाडेकऱ्याला त्यांनी विचारलं, "चढताना पडलास की उतरताना?" तो बिचारा कण्हत म्हणाला, "भाऊसाब, परलो तवा खालीच येत व्हतो." खेकड्यानं बोट धरलेल्याला खेकडा बिळातला की पाटीतला हे सांगावं लागे. पुढेपुढे लोक वाटेतच उत्तरं जुळवून येऊ लागले. घरी त्यांच्या पत्नीचं बोट विळीवर कापलं, तेव्हा यांनी आधी "पात्यावर की खवणीवर?" असं विचारलं. त्या दिवशी भाऊसाहेब दवाखान्यात उपाशी आले, आणि का, ते त्यांनी कुठेही नोंदवलं नाही.

पण त्यांच्या पुरवणीतला सगळ्यांत जास्त वापरलेला क्रमांक होता खाडीवरच्या, होड्या लागायच्या धक्क्याच्या चौथ्या पायरीचा. वरून चौथी. भरतीला ती पाण्याखाली जाई, अर्ध्या पाण्याला उघडी पडे, आणि शेवाळानं कायम हिरवीगार असे. भाऊसाहेब स्वतः तिच्यावर कधी पाय ठेवत नसत, तिसरीवरून थेट पाचवीवर टांग टाकत. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या कोळणींना अशी टांग टाकणं कुठलं जमायला? चांगुणा कोळीण त्या पायरीवरून पडून उजवं मनगट मोडून आली, तेव्हा टेबलाशी उभी राहून म्हणाली, "हात मोरलाय माजा, नी तुमी पायऱ्या काय मोजताव?" वर्षाच्या आत तेच मनगट त्याच पायरीवर पुन्हा मोडलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा मोडलं तर हात कामातून जाईल. ती नवऱ्यामागे एकटी, पाटी हाच संसार. या वेळी ती भांडली नाही. "पाटी उचलाला आली न्हाय त खाव काय, भाऊसाब?" एवढंच म्हणाली. भाऊसाहेबांनी नोंद केली आणि मागची पानं उलटून त्या पायरीच्या नोंदी मोजायला घेतल्या.

त्यांनी चौथ्या पायरीचा वेगळा तक्ता करून वर पाठवला. तो परत आला: 'सदर क्रमांक मूळ यादीत नाही. नजीकचा क्रमांक घालावा.' नजीकचा क्रमांक होता घरातल्या जिन्यावरून पडण्याचा. हुकूम म्हणून भाऊसाहेबांनी तो घातला. वर्षअखेर कचेरीला आढळलं, की आमच्या गावात लोक घरातल्या जिन्यांवरून भयंकर प्रमाणात पडतात. जिन्यांची तपासणी करायला एक साहेब निघाले. गावात जिन्याचं घर एकुलतं एक होतं, आणि त्याच्या माडीवर मालक पेंढा ठेवत असे.

साहेब आले ते ओहोटीला. होडी धक्क्याला लागेना, म्हणून खलाशांनी त्यांना रिवाजाप्रमाणे खांद्यावर घेऊन थेट कोरड्या वाळूत उतरवलं. साहेबांनी तो एकुलता जिना दोनदा चढून पाहिला आणि कठडा बसवण्याची शिफारस केली. "साहेब, लोक पडतात ते धक्क्यावर," भाऊसाहेब म्हणाले. "धक्का आमच्या खात्याकडे येत नाही," साहेब म्हणाले, "जिना येतो."

मग भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. साहेब घड्याळ बघत होते, भाऊसाहेब खिडकीतून खाडी बघत होते. पाणी अर्ध्यावर आल्यावर त्यांनी रजिस्टर मिटलं. आता होडी धक्क्याला लागली होती आणि साहेबांना पायऱ्या उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भाऊसाहेब त्यांची बॅग घेऊन पुढे, मी मागे. "साहेब, ही चौथी," असं म्हणून भाऊसाहेबांनी तिच्यावर पाय ठेवला, आणि पुढच्या क्षणी ते सहाव्या पायरीवर होते. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. त्यांना धरायला गेलेले साहेब शेवाळात बसले. त्यांची पांढरी विजार हिरवी झाली. होडीत बसण्याआधी त्यांनी धक्का कुणाच्या खात्याकडे येतो याची स्वतः चौकशी केली, आणि दोन महिन्यांत ती पायरी पाथरवटाच्या टाकीनं खडबडीत करून बाजूला लोखंडी कठडा बसला.

त्या दिवशी रजिस्टर मीच भरलं. भाऊसाहेब बाकावर आडवे होते, डॉक्टर फळ्या बांधत होते. यादीत चुकून झालेल्या इजेला एक क्रमांक होता, जाणूनबुजून करून घेतलेल्या इजेला दुसरा. मी विचारलं, "भाऊसाहेब, कारण?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे. "तो रकाना कोरा राहू द्या," ते म्हणाले.

पाय थोडा आखूड झाला तो झालाच. चांगुणाचं मनगट पुन्हा मोडलं नाही. ती पुढे बरीच वर्षं पाटी घेऊन तो धक्का चढली, आणि भाऊसाहेब लंगडत रस्त्यानं दिसले की पाटी खाली ठेवून उभी राहायची. ते गेले तेव्हा मी बदलीच्या गावी होतो, पत्रानं कळलं. कशानं गेले ते लिहिणाऱ्यानं लिहिलं नव्हतं, आणि हे त्यांना मुळीच आवडलं नसतं. आजही त्या धक्क्यावर गेलो की मी चौथ्या पायरीवर थोडा वेळ उभा राहतो, आणि मला त्यांची फार आठवण येते.