दोन बटणं

बाबांना जाऊन चार महिने झाले. दुपारी रहाटणीतल्या आमच्या खोलीत ऊन खिडकीतून सरकत येतं आणि कपाटातल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशापाशी थांबतं. मी तो काढते. एका पानावर तो आपोआप उघडतो, कारण तिथे बारा वर्षं एक घडी घातलेला कागद आहे. आत कंपनीचं पत्र, आणि त्याला जोडलेली आमच्या उत्तराची प्रत.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा निघोज्याच्या एका लहान कारखान्यात प्रेस चालवत. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन बाजूंची दोन बटणं एकाच वेळी दाबायची. तेव्हाच वरचा दांडगा भाग खाली येई. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात एकही नसतो, एवढाच त्यातला हिशोब. त्या महिन्यात माल जास्त हवा होता. सुपरवायझरने सांगितलं, एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, म्हणजे एक हात मोकळा राहील आणि काम भराभर होईल. सगळ्यांनी पट्टी लावली. बाबांनी लावली नाही.

पहिली शिफ्ट संपवून ते घरी आले आणि कंपनीचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे धरलं.

“वाच माय. काय लिवलंय?”

तुमची वागणूक ‘ॲडमंट’ आहे, दोन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल, असं लिहिलं होतं. मी तो एक शब्द सोडून बाकी सगळं सांगितलं.

“आन् ते मधलं?”

“हट्टी,” मी म्हणाले.

आई कणीक मळत होती. “एवढंच ना? त्याला इंग्रजी कशाला पाहिजे? मला विचारलं असतं तर लग्नाच्या साली लिहून दिलं असतं.”

बाबा हसले. मग कॉटवर आडवे झाले आणि पंख्याकडे बघत राहिले.

मला भीती वाटत होती. काम गेलं तर बाबांना त्या वयात पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभं राहावं लागणार होतं. म्हणून मी न सांगता इंग्रजीत माफीचं पत्र लिहिलं. बाबांचा डोळा लागला होता. झोपेत त्यांचे दोन्ही तळहात एकाच क्षणी गादीवर दाबले जात, सुटत, पुन्हा दाबले जात. तो ठेका मला अजून ऐकू येतो, दूर कुठेतरी पाण्याखाली यंत्र चालावं तसा.

उठल्यावर मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. मी हट्टीपणा केला, पुन्हा करणार नाही, माफ करावं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. “ह्यात मी केलं काय ते कुठंय?”

“बाबा, सही करा ना. शब्दच आहे नुसता.”

“त्या बुकात बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. आईच्या तोंडून बाबांबद्दल लहानपणापासून ऐकलेला शब्दच मी सांगून टाकला होता. शब्दकोश उघडला. ठाम. निश्चयापासून न ढळणारा. आणि मग, हटवादी. एका ओळीत तिन्ही अर्थ शेजारी बसले होते. पुढे मी इंग्रजी शिकले, शिकवलंही. तो शब्द कितीदा तरी भेटला. ज्याला दुसऱ्याने बदलावं असं वाटतं, तो बहुधा वैतागून हा शब्द वापरतो. आणि ज्याला बदलायचं नसतं, तो कधी कधी स्वतःबद्दल शांतपणे म्हणतो. अर्थ तोच, बोलणारा वेगळा. पण त्या संध्याकाळी मी बोट ठेवून फक्त पहिला अर्थ वाचला.

“ठाम,” बाबा म्हणाले. जिभेवर ठेवून पाहिल्यासारखं. “मग हाय की मी. तसंच लिही.”

“कामावरून काढतील, बाबा.”

“काढतील. तू लिही.”

मी लिहिलं. होय, मी ठाम आहे. दोन्ही बटणं दाबूनच प्रेस चालवीन. त्यांनी खाली सावकाश सही केली.

काढलं नाही. प्रेसवरून उचलून पॅकिंगला टाकलं. निवृत्तीपर्यंत ते खोक्यांना पट्ट्या लावत राहिले. बरोबरीचे लोक वरच्या ग्रेडला गेले. घरी आल्यावर त्यांच्या अंगाला तेलाचा वास येईनासा झाला, पुठ्ठ्याचा येऊ लागला. मला वाटायचं, माझ्या हातानं मी त्यांना त्या खोक्यांमध्ये नेऊन बसवलं. तसं मी त्यांना कधी म्हणाले नाही. शनिवारी प्रेसवरचे त्यांचे जुने सोबती चहाला येत. त्यांतले दोघे डाव्या हाताने कप धरत. मी बशा उचलताना त्यांच्या उजव्या हातांकडे बघायचं टाळत असे.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी दवाखान्यात सिस्टर ऑक्सिजन मोजायचा चिमटा घेऊन आली.

“काका, बोट द्या. कुठलंही चालेल.”

बाबांनी चादरीखालून दोन्ही हात बाहेर काढले, गादीवर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळी बोटं पसरली. दहाच्या दहा. मग माझ्याकडे पाहिलं.

“घ्या,” ते म्हणाले, “कुठलं पाहिजे ते.”