सणसरच्या चिंचेवरची तीन बोटं

अतर्क्य अनुभवांच्या या सदरात माझं नाव कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. मी जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली. पाणी उताराकडे वाहतं आणि चारीचं दार उघडल्याशिवाय शेतात पोचत नाही, यापलीकडे माझी श्रद्धा कधी गेली नाही. अंगात येणं, उतारा, दृष्ट... घरात असला विषय निघाला की मी पेपर उघडून बसायचो. आता ऐंशी जवळ आली. एका माणसाच्या शब्दाला मी चारचौघांत बट्टा लावला होता. तो पुसायचा तर ही हकिगत सांगावीच लागते.

मी बारामतीजवळ जळोचीला राहतो. रिटायर झाल्यावर अंगणातल्या लिंबावरची अळी पाहता पाहता फुलपाखरांचा नाद लागला. नावं कळावीत म्हणून पुस्तक शोधू लागलो. बारामतीच्या दुकानांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं रग्गड, फुलपाखरांचं एकही नाही. शेवटी इंदापूरला मुनीर तांबोळींच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. ते माझ्याच वयाचे. म्हणाले, "मागवतो. पण माझं वाचून झाल्यावर न्या."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनाही तोच नाद होता.

मग आम्ही दोघं मिळून पुस्तकं जमवू लागलो. ते पुण्याहून मागवायचे, मी मुलाला सांगून ऑनलाइन. एक कोकणावर, एक सह्याद्रीच्या जंगलावर, एक तर थेट हिमालयावर! छपाई देखणी, पण त्यातली निम्मी फुलपाखरं आमच्याकडे यायची नाहीत, आणि आमच्या उसाच्या बांधावर रोज दिसणाऱ्यांना त्यात दोन ओळीसुद्धा नव्हत्या. एक दिवस मुनीरभाई वैतागून म्हणाले, "वसंतराव, ही समदी पावण्यांची पुस्तकं. घरच्यांचं कुणी लिवलंच न्हाय."

"मग लिहा की."

"मी एकटा? आन् तुमी काय पेन्शन मोजणार?"

तिथून आमचं पुस्तक सुरू झालं. बारामती आणि इंदापूर, दोनच तालुके. आणि नियम एक. एकाला फुलपाखरू दिसलं की त्यानं विचारायचं, "दिसलं का?" दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून "दिसलं" म्हणायचं. तेव्हाच ते पुस्तकात. हा नियम मुनीरभाईंचा. म्हातारपणी डोळे फसवतात, दोघांचे चार मिळून तरी धड चालतील, असं ते म्हणायचे.

आमचा मुख्य अड्डा म्हणजे सणसरला कालव्याच्या कडेला बापूचं गुऱ्हाळ. तिथं एक जुनी चिंच आहे. काही फुलपाखरं फुलांवर येतच नाहीत, त्यांना आंबलेलं गोड लागतं. मुनीरभाई बापूकडून काकवी घेऊन त्यात पिकलेलं केळं कुस्करायचे, बाटलीत आंबवायचे आणि ते चिंचेच्या खोडाला तीन बोटांनी वरून खाली ओढायचे. दुकानातल्या कागद कापायच्या मशीनमध्ये त्यांच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं. त्यामुळे मधला पट्टा नेहमी थोडा खालून सुरू व्हायचा. बापू म्हणायचा, "भाईंची सही हाय ती."

पुस्तक होत आलं होतं तेव्हा ते एकदा एकटेच सणसरला गेले आणि संध्याकाळी धापा टाकत माझ्याकडे आले. "ब्लॅक राजा! चिंचेवर बसला हुता वसंतराव. काळा, मधून पांढुरका पट्टा, मागं शेपट्या. मी 'दिसलं का' म्हणून मागं वळलो, तर तुमी कुठं होता?"

नंतर आम्ही कितीतरी सकाळी तिथं बसलो. तो काही आला नाही. आमच्या कुठल्याच पुस्तकात या भागातली त्याची नोंद नव्हती. मी म्हणालो, नियम तो नियम. ते म्हणाले, "बरोबर हाय." विषय तिथंच संपायला हवा होता.

पण प्रकाशनाच्या दिवशी मला चेव आला. शाळेचा हॉल भरलेला, हार, टाळ्या. भाषणाच्या ओघात मी बोलून गेलो... "आमच्या मुनीरभाईंना आंबलेल्या काकवीची चढली आणि त्यांना ब्लॅक राजा दिसला!" सगळा हॉल हसला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नाही, तोही हसला. चहाचा कप तेवढा त्यानं न पिता खाली ठेवला.

त्यानंतर ते चिंचेकडे आले नाहीत. बोलणं-चालणं होतं, फोन होते, ईदला शीरखुर्मा होता. "सणसरला जाऊ या का?" म्हटलं की मात्र गुडघा दुखायचा. माफी मागावी असं मनात यायचं आणि मी फुलपाखरांवर बोलत राहायचो. एका उन्हाळ्यात ते गेले.

पुढच्या वर्षी पुस्तकाच्या प्रती संपल्या. हे सांगताना मला आजही ऊर भरून येतो. पोरं ते दप्तरातून घेऊन हिंडतात, बांधावर उभं राहून पानं उलटतात. दुसऱ्या आवृत्तीत चिंचेचा फोटो टाकावा म्हणून मी सणसरला गेलो. गणपती होऊन गेले होते. सकाळचं स्वच्छ ऊन. गुऱ्हाळ बंद, ते दिवाळीनंतर पेटायचं होतं. रस उकळायची कायल धुऊन भिंतीशी पालथी घातलेली.

चिंचेच्या खोडावर काकवीचे तीन पट्टे होते. ओले. मधला थोडा खालून सुरू झालेला.

ते माझ्या डोक्याच्याही वर होते. मुनीरभाई माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी चवड्यांवर उभा राहून बोट लावलं, तर बोट चिकट झालं. आंबलेल्या केळाचा वास. आणि मुंगी एकही नाही! त्या चिंचेवर काकवी लावून पाठ फिरवायचा अवकाश, मुंग्यांची रांग लागते.

मी बापूला हाक मारली. तो ओट्यावरूनच म्हणाला, "काय आबा?"

"हे काकवीचं कुणी लावलं?"

"काकवी? आवो, गुऱ्हाळ बंद हुन किती म्हयने झालं. हितं चाटायला सुदिक काकवी न्हाय. सकाळधरनं मी हितंच बसलोय, कोण बी आलं न्हाय."

तो उठून जवळ आला, त्यानं पट्ट्यांकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. हळूच म्हणाला, "आबा... भाईंची सही."

तेवढ्यात वरून काहीतरी गोफणीच्या दगडासारखं आलं आणि पट्ट्यांवर बसलं. काळा. मधून पांढुरका पट्टा. मागं शेपट्या. पंख मिटून तो सावकाश काकवी पिऊ लागला. माझ्या हातात मोबाईल होता, फोटो काढायचं सुचलं नाही. मला एकच कळत होतं. कुणीतरी मला कधीचं काहीतरी विचारून ठेवलंय आणि मी उत्तर द्यायचा राहिलोय.

मी मोठ्यानं म्हणालो, "दिसलं, मुनीरभाई."

तो उडाला. दुपारपर्यंत पट्टे वाळले, आणि मग मुंग्या आल्या.

तिथून मी तडक इंदापूरला मुनीरभाईंच्या घरी गेलो आणि भाभींना सगळं सांगितलं. हॉलमधला विनोदही डोळे पुसत सांगितला, तो त्यांना माहीत होता. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "दिसलं नव्हं तुमाला? मग छापा की. त्यांनी एवढं हेलपाटं घातलं ते काय रडायसाठी?"

दुसरी आवृत्ती आता आली आहे. कव्हरवर मुनीर तांबोळी हे नाव आधी आहे, माझं नंतर. ब्लॅक राजाच्या पानावर फोटो नाही, मुद्दाम जागा मोकळी सोडली आहे. खाली छापलंय: ठिकाण सणसर, पाहणारे मुनीर तांबोळी आणि वसंत काळे. काही अभ्यासू मंडळी म्हणतात, फोटोशिवाय नोंद धरता येत नाही. त्यांचं चुकत नाही. काकवी कुणी लावली, हेही मला सांगता येत नाही. पुष्कळ विचार केला, अजून काही लागत नाही.

पण आमच्या नियमात फोटो नव्हताच. दोघांनी पाहायचं होतं. दोघांनी एकाच दिवशी पाहायचं, असं मुनीरभाई कधीच म्हणाले नव्हते.